रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातील गोळीची पकड : घर्षण, क्रिंप आणि प्रत्याघात

काडतूस हे चार घटकांचे बनलेले असते : पितळी कवच, त्याच्या बुडाशी बसविलेली प्रस्फोटक टोपी, आतील धूमरहित दारू आणि कवचाच्या मुखात बसविलेली गोळी. यांपैकी पहिल्या तिघांचा विचार शस्त्रशास्त्राच्या ग्रंथांतून विस्ताराने केलेला आढळतो. गोळी कवचाच्या मुखात कशाच्या आधारे टिकून राहते, हा प्रश्न मात्र बहुधा एका वाक्यात संपविला जातो. कवचाचे मुख गोळीवर दाबून आत वळविलेले असते, त्यामुळे गोळी हलत नाही, एवढेच सांगितले जाते. मुख असे दाबून वळविण्याच्या क्रियेस 'क्रिंप' म्हणतात. हे उत्तर चुकीचे नाही. तथापि ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणातून व्यवहारात घातक समजुती निर्माण झाल्या आहेत. 'गोळी सरकते काय? मग क्रिंप अधिक आवळा,' ही त्यांतील सर्वांत प्रचलित समजूत होय. गोळीची मुख्य पकड कवचाच्या स्थितिस्थापक ताणात असते, क्रिंप हा तिचा केवळ राखणदार आहे, आणि राखणदाराला अवाजवी बळ दिल्यास तो मूळ पकडच मोडतो, हे या लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

या विषयास पुण्याच्या दृष्टीने विशेष औचित्य आहे. खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ साली स्थापन झाला. लहान शस्त्रांच्या काडतुसांच्या निर्मितीची तेथील परंपरा तेव्हापासूनची आहे. काडतुसाच्या बुडावर उमटविलेली 'के. एफ.' ही अक्षरे 'किर्की फॅक्टरी' या जुन्या नावाची निदर्शक असून, रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या भारतीय परवानाधारकास ती परिचित आहेत. १९५८ साली स्थापन झालेली शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थाही पुण्यातच आहे. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. त्यांपैकी दारूगोळ्याची कंपनी, म्युनिशन्स इंडिया लिमिटेड, हिचे मुख्यालयही पुणे शहरात आहे. सामान्य नागरिकास परवान्यावर मिळू शकणाऱ्या रिव्हॉल्व्हरचे रूढ माप ०·३२ इंच हे आहे. त्याचे काडतूस मूळ अमेरिकेत १८९६ साली प्रचारात आले. पुढील विवेचनात हेच काडतूस प्रमुख उदाहरण म्हणून घेतले आहे.

प्रश्नाचे स्वरूप

रिव्हॉल्व्हरमध्ये पाच किंवा सहा काडतुसे एका फिरत्या चक्राच्या घरांत बसविलेली असतात. एका वेळी नळीच्या रेषेत येणारे एकच काडतूस उडते. उरलेली आपापल्या घरांत वाट पाहत असतात. गोळी पुढे सुटली की संपूर्ण शस्त्र मागे फेकले जाते. हा मागचा धक्का, अर्थात प्रत्याघात, उडणाऱ्या काडतुसापुरता मर्यादित राहत नाही. वाट पाहणाऱ्या प्रत्येक काडतुसास तो सोसावा लागतो.

या काडतुसांच्या बाबतीत काय घडते हे पाहण्यासाठी कवचाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते आणि ती चक्राच्या मागील पृष्ठावर टेकलेली असते. शस्त्र एकाएकी मागे सरकले की चक्र या कडेला मागे रेटते आणि कडेबरोबर सर्व कवच मागे खेचले जाते. कवचाच्या मुखातील गोळीस मात्र असा कोणताही प्रत्यक्ष आधार नसतो. ती जडत्वामुळे आपल्या जागी राहू पाहते. कवच तिच्याभोवतीतून मागे निघू पाहते. गोळी शस्त्राबरोबर मागे गेली पाहिजे, असे वाटत असेल तर तिला मागे खेचण्याचे सर्व कार्य कवचाच्या मुखाने तिच्यावर घेतलेल्या पकडीलाच करावे लागते. ही पकड अपुरी पडली तर प्रत्येक बारास गोळी कवचातून अंशाअंशाने पुढे येते.

हाच प्रकार नित्याच्या व्यवहारातही पाहावयास मिळतो. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून कांद्याच्या गोण्या भरून निघालेला टेंपो चालकाने एकदम झटक्याने पुढे काढला, तर वरच्या थरातील गोण्या मागे सरकतात. गाडी पुढे गेली, गोण्या आपल्या जागी राहू पाहत होत्या. येथे झटका पुढच्या दिशेचा असल्याने माल मागे सरकतो. रिव्हॉल्व्हरमध्ये झटका मागच्या दिशेचा असल्याने गोळी पुढे सरकते. तत्त्व एकच आहे. याच उदाहरणातील आणखी एक गोष्ट पुढे उपयोगी पडणारी आहे. गोण्यांना मुख्यतः धरून ठेवते ते त्यांच्या वजनामुळे उत्पन्न होणारे घर्षण. वरून आवळलेला दोर आणि मागचा फाळका हे त्या घर्षणाचे साहाय्यक होत.

गोळी पुढे सरकल्याचा परिणाम दुहेरी असतो. सरकणे अल्प असेल तर दारूसाठी उपलब्ध असलेली पोकळी वाढते, दारूचे ज्वलन असमान होते व गोळीचा वेग बाराबारागणिक बदलतो. सरकणे अधिक झाले तर गोळीचे टोक चक्राच्या पुढच्या पृष्ठाबाहेर येते. चक्र आणि नळी यांमधील फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच असल्याने हे टोक सांगाड्यास किंवा नळीच्या मागील कडेस अडते. परिणामी चक्र फिरत नाही, आणि बहुतेक वेळा ते बाजूस उघडूनही काढता येत नाही. स्वसंरक्षणार्थ हाती घेतलेले शस्त्र दुसऱ्या वा तिसऱ्या बारानंतर अशा रीतीने निर्जीव व्हावे, यापरते मोठे अपयश दुसरे नाही. एखादे काडतूस न उडाल्यास चाप पुन्हा ओढून पुढचे काडतूस आणता येते, हा रिव्हॉल्व्हरचा मोठा गुण मानला जातो. चक्रच अडकल्यावर तो गुणही नाहीसा होतो.

बलाचे गणित

वाट पाहणाऱ्या गोळीवर किती बल येते, याचा अंदाज प्राथमिक यंत्रशास्त्राने बांधता येतो. गोळीचा संवेग म्हणजे तिचे वस्तुमान गुणिले वेग. संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमाने तितकाच संवेग उलट दिशेने शस्त्रास प्राप्त होतो. गोळी नळीत सरासरी समान प्रवेगाने धावते असे मानल्यास, नळी ओलांडण्यास लागणारा काळ नळीच्या दुप्पट लांबीस मुखवेगाने भागून मिळतो. या दोन विधानांवरून शस्त्राचा सरासरी प्रवेग, आणि त्याला वाट पाहणाऱ्या गोळीच्या वस्तुमानाने गुणून तिच्यावरील सरासरी बल मिळते. सर्व काडतुसे एकसारखी असल्यास सूत्र पुढीलप्रमाणे होते :

बल = (गोळीचा संवेग)² ÷ (२ × नळीची लांबी × शस्त्राचे वस्तुमान)

दारूच्या वायूंचा संवेग आणि हाताची पकड ही दोन्ही येथे सोडून दिलेली आहेत. वायूंचा संवेग धरल्यास आकडे काहीसे वाढतील. हाताचा परिणाम मिलिसेकंदाहून कमी अवधीत फारसा जाणवत नाही.

०·३२ मापाच्या गोळीचे रूढ वजन ९८ ग्रेन, म्हणजे सुमारे ६·३५ ग्रॅम असते. मुखवेग सेकंदास २१५ मीटर, नळी ७५ मिलिमीटर आणि शस्त्राचे वजन ७०० ग्रॅम धरल्यास गोळीचा संवेग सुमारे १·३७ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद येतो. गोळी नळीत सुमारे ०·७ मिलिसेकंद असते. तेवढ्या काळात शस्त्रास येणारा सरासरी प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या सुमारे २८५ पट असतो, आणि वाट पाहणाऱ्या गोळीवर सुमारे १८ न्यूटन, म्हणजे १·८ किलोग्रॅम-भार इतके बल येते. वायूंचा दाब नळीत सर्वकाळ सारखा नसतो. तो आरंभी वेगाने वाढून शिखरास पोहोचतो व नंतर उतरतो. म्हणून क्षणिक महत्तम बल या सरासरीच्या दुप्पट वा त्याहून अधिक धरणे इष्ट होय.

आता हेच सूत्र दुसऱ्या टोकाच्या काडतुसास लावून पाहावे. अमेरिकेत १९५५ च्या अखेरीस ०·४४ मॅग्नम हे काडतूस प्रसिद्धीस आले. त्याची २४० ग्रेनची, म्हणजे सुमारे १५·५ ग्रॅमची गोळी सेकंदास ४२० मीटर वेगाने सुटते असे धरले, नळी १५० मिलिमीटर व शस्त्र १·३ किलोग्रॅम घेतले, तर सरासरी बल सुमारे १०९ न्यूटन, म्हणजे ११ किलोग्रॅम-भार येते. शस्त्र जवळजवळ दुप्पट जड आणि नळी दुप्पट लांब असूनही बल सहापटीने वाढले. सूत्रातील वर्गाचा हा प्रभाव आहे. संवेग दुप्पट झाला की गोळी सरकविणारे बल चौपट होते. म्हणूनच मंद काडतुसात वर्षानुवर्षे निर्वेध चाललेली भरण्याची पद्धत जोरदार काडतुसात एकाएकी अपुरी पडते. जड गोळ्या व जोरदार दारूभार यांचा पुरस्कार करणारे अमेरिकन लेखक एल्मर कीथ यांनी आखलेल्या शिशाच्या गोळीत क्रिंपसाठी खोल व उतरत्या कडेची खाच मुद्दाम ठेवलेली होती, यामागील कारण या गणितावरून ध्यानात येते.

सूत्राच्या छेदातील शस्त्राचे वस्तुमान हेही तितकेच लक्षणीय आहे. जानेवारी २०१४ मध्ये कानपूर येथील फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' नावाचे ०·३२ मापाचे रिव्हॉल्व्हर प्रसिद्ध केले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा वापर केल्यामुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम इतके राखता आले. इतर सर्व राशी पूर्वीप्रमाणेच धरून शस्त्राचे वजन ७०० ग्रॅमवरून ५०० ग्रॅमवर आणल्यास प्रत्येक वाट पाहणाऱ्या गोळीवरील सरासरी बल १८ न्यूटनवरून २५ न्यूटनवर जाते. बाळगण्यास हलके शस्त्र काडतुसाकडून अधिक घट्ट पकडीची अपेक्षा करते, हा त्याचा अर्थ. ०·३२ चे काडतूस मुळात सौम्य असल्याने कारखान्यात तयार झालेल्या काडतुसास हा वाढीव भार जड जाण्याचे कारण नाही. मात्र हलकेपणाची किंमत कोठेतरी मोजावी लागते, आणि तिचा एक हिस्सा काडतुसाच्या मुखाशी मोजावा लागतो, याची जाणीव शस्त्राच्या रचनाकाराने ठेवावयास हवी.

मुख्य पकड : कवचाचा ताण

कवच गोळीस धरते ते प्रामुख्याने पाचर मारल्याप्रमाणे. रिकाम्या कवचाच्या मुखाचा आतील व्यास गोळीच्या व्यासाहून किंचित कमी ठेवलेला असतो. गोळी दाबून आत बसविली की पितळ ताणले जाते आणि मूळ आकारास परत येऊ पाहत गोळीस चहूबाजूंनी आवळते. या आवळण्यातून गोळी व कवच यांमध्ये दाब उत्पन्न होतो आणि त्या दाबातून घर्षण. गोळी कवचात जितकी खोल, तितके घर्षणाचे क्षेत्र अधिक. नेमबाजीच्या सेंटर-फायर पिस्तूल स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या ०·३२ च्या सपाट तोंडाच्या गोळ्या जवळजवळ पूर्णपणे कवचात बुडालेल्या असतात. त्यांचा प्रत्याघात सौम्य व स्पर्शक्षेत्र मोठे असल्याने मुखाशी अगदी हलका क्रिंपही त्यांस पुरतो.

येथे एक स्वाभाविक शंका उद्भवते. पकड ताणावर अवलंबून असेल, तर मुख अधिकाधिक अरुंद करून हवी तितकी पकड का मिळवू नये? याचे उत्तर पितळाच्या स्थितिस्थापक मर्यादेत आहे. काडतुसाचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचा मिश्रधातू होय. त्याचा स्थितिस्थापकतेचा गुणांक सुमारे ११० गिगापास्कल असतो. मुखाजवळील पितळाची स्थितिस्थापक मर्यादा २२० मेगापास्कल मानल्यास त्या मर्यादेपर्यंत होणारी विकृती अवघी ०·००२ येते. ८ मिलिमीटर व्यासाच्या मुखास याचा अर्थ ०·०१६ मिलिमीटर. गोळीहून मुख ०·०५ मिलिमीटरने अरुंद ठेवले, तर त्यातील सुमारे ०·०१६ मिलिमीटर इतकाच भाग आवळण्याच्या कामी येतो. उरलेल्या भागाने पितळ कायमचे ताणले जाते आणि त्याचा पकडीस काहीही लाभ होत नाही. मुख आणखी अरुंद केले तर पकड वाढत नाही, उलट मऊ शिशाची गोळी बसविताना तासली जाते वा चेपते, आणि तिचा व्यास घटल्यामुळे पकड प्रत्यक्षात कमी होण्याचा संभव असतो.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की पकडीची वरची मर्यादा पितळाच्या गुणधर्माने व मुखाच्या जाडीने ठरते, ती कारागिराच्या इच्छेने ठरत नाही. दुसरा असा की पितळाचे गुणधर्म बदलले की पकडही बदलते. एकच कवच पुन्हा पुन्हा भरून वापरले असता प्रत्येक वेळी मुख रुंदावते व आकुंचित केले जाते; या घडामोडीने पितळ कठीण होत जाते आणि शेवटी मुखास तडे पडतात. तडा गेलेले मुख गोळीस आवळूच शकत नाही. निरनिराळ्या कारखान्यांची, निरनिराळ्या जाडीची व कमी-अधिक वेळा वापरलेली कवचे एकत्र करून भरलेली काडतुसे बाहेरून सारखी दिसतात. त्यांची पकड मात्र सारखी नसते. गोळी सरकण्याची तक्रार हाताने भरलेल्या काडतुसांच्या बाबतीत अधिक ऐकू येते, याचे कारण यात सापडते. कारखान्यातील काडतुसात कवच नवे असते आणि एका खेपेतील सर्व कवचे एकाच प्रकारे तयार झालेली असतात. लष्करी काडतुसांत मुखाशी डांबरी लेपही दिलेला असतो. ओलावा आत शिरू नये हा त्याचा मुख्य हेतू असला तरी गोळी धरून ठेवण्यासही त्याचे साहाय्य होते.

क्रिंप : कार्य आणि मर्यादा

क्रिंपचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात कवचाच्या मुखाची कड आत वळवून गोळीच्या अंगावरील आडव्या खाचेत बसविली जाते. यास वळीव क्रिंप म्हणता येईल. दुसऱ्यात मुखाचा काही भाग केवळ निमुळता दाबला जातो, कड आत वळत नाही. हा निमुळता क्रिंप होय. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसास पहिला प्रकार योग्य ठरतो, कारण हे काडतूस घरात आपल्या बुडाच्या कडेवर टेकून उभे असते. मुखाची कड आत वळल्याने त्याच्या बैठकीस बाध येत नाही. स्वयंचलित पिस्तुलाच्या ९ मिलिमीटरसारख्या काडतुसात कवच मुखाच्या कडेवरच टेकते. तेथे ती कड आत वळविली तर काडतूस घरात अवाजवी खोल जाते. म्हणून तेथे दुसराच प्रकार इष्ट असतो. पिस्तुलात धोक्याची दिशाही उलट असते. पेटीतून नळीत शिरताना टोकास आघात होऊन गोळी कवचात आत ढकलली जाते, दारूची पोकळी घटते व दाब वाढतो. एका शस्त्राचा नियम दुसऱ्यास लावता येत नाही, तो यामुळे.

वळीव क्रिंपचे कार्य घर्षणाहून भिन्न स्वरूपाचे आहे. घर्षण गोळीस सर्व बाजूंनी धरते. क्रिंप तिच्या वाटेत एक उंबरा उभा करतो. गोळी पुढे निघू लागली की खाचेची मागील कड मुखाच्या वळलेल्या कडेस भिडते आणि ती कड पुन्हा सरळ केल्याशिवाय गोळीस पुढे जाता येत नाही. बाराच्या वेळी मात्र वायूंचा दाब कवचाचे मुख सहज उलगडतो. म्हणून योग्य क्रिंप गोळीच्या गतीस प्रतिबंध करीत नाही. उलट दाब पुरेसा वाढेपर्यंत गोळीस क्षणभर धरून ठेवल्याने मंद जळणाऱ्या दारूचे ज्वलन अधिक समरूप होते.

हा उंबरा परिणामकारक होण्यासाठी काही अटी पाळाव्या लागतात. क्रिंपची कड खाचेच्या जागीच आली पाहिजे. सर्व कवचांची लांबी सारखी असली पाहिजे, कारण साच्याची मांडणी एकदा निश्चित झाल्यावर लांब कवचास जास्त व आखूड कवचास कमी क्रिंप मिळतो. आखूड कवचाच्या काडतुसातील गोळी सरकते, लांब कवच चुरगळते, आणि दोष मात्र साच्यास दिला जातो. गोळी बसविणे आणि क्रिंप देणे या दोन क्रिया शक्य तो निरनिराळ्या कराव्यात. एकाच दाबात दोन्ही केल्यास मुखाची कड गोळीत रुतू लागली असतानाच गोळी अजून खाली जात असते. ती कवचास आपल्याबरोबर खाली रेटते आणि मुखाखाली फुगवटा येतो. त्या फुगवट्याच्या जागी पितळ गोळीपासून सुटलेले असते, म्हणजे ज्या क्रियेने पकड वाढावयाची तिनेच ती घटविलेली असते.

आता अधिक आवळण्याच्या समजुतीकडे वळता येईल. दाबलेले पितळ साचा दूर होताच आपल्या स्थितिस्थापकतेने किंचित उलगडते. शिसे मऊ असल्याने दाबाखाली चेपते, पण परत फुगत नाही. मर्यादेबाहेर दाब दिला तर पितळ व शिसे दोन्ही आत जातात. दाब निघताच पितळ थोडे बाहेर येते, शिसे मात्र आतच राहते. दोहोंमध्ये सूक्ष्म फट पडते आणि मुख्य पकड ज्या ताणावर उभी होती तो ताणच नाहीसा होतो. डोळ्यांना क्रिंप भरभक्कम दिसतो; बोटांनी फिरविल्यास गोळी कवचात फिरते. मार्केट यार्डातील हमालास हे तत्त्व वेगळ्या रूपात परिचित असते : टोमॅटोच्या पेट्यांवर दोर नको तितका आवळला की वरच्या पेट्या दबतात, थर खाली बसतो आणि काही अंतर गेल्यावर तोच दोर सैल लोंबू लागतो. मऊ वस्तूस आवळण्याची मर्यादा आवळणाऱ्याच्या बळाने ठरत नाही, तिच्या स्वतःच्या मऊपणाने ठरते.

कसोटी

पकड पुरेशी आहे की नाही, याची कसोटी सोपी आहे. एका काडतुसाची एकूण लांबी व्हर्नियर मापकाने मोजून त्यावर खूण करावी व ते चक्रात शेवटी उडेल अशा घरात ठेवावे. उरलेली काडतुसे उडवून झाल्यावर खुणेचे काडतूस बाहेर काढून पुन्हा मोजावे. लांबी बदलली नसेल तर पकड त्या शस्त्रापुरती पुरेशी ठरते. 'त्या शस्त्रापुरती' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जड शस्त्रात उत्तीर्ण झालेले काडतूस हलक्या शस्त्रात अनुत्तीर्ण होऊ शकते, हे वरील सूत्रावरून उघड आहे. एका काडतुसाच्या मोजमापावर निर्णय देऊ नये, अनेक वेळा कसोटी घ्यावी, हे प्रयोगशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

ज्या जडत्वाने गोळी अनिष्ट रीतीने सरकते, त्याच जडत्वाचा उपयोग भरलेले काडतूस सुरक्षितपणे मोकळे करण्यासाठीही केला जातो. पोकळ डोक्याच्या हातोड्यात काडतूस बुडाच्या कडेने अडकवून हातोडा आघातपूर्वक आपटला जातो. हातोडा व कवच एकदम थांबतात. गोळी मात्र आपली गती न सोडता कवचाबाहेर येते. दोन-चार आघात लागले तर पकड चांगली होती, एकाच हलक्या आघातात गोळी निघाली तर ती कच्ची होती, असा ढोबळ अंदाजही या साधनावरून बांधता येतो.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ५ व्या कलमान्वये परवान्याशिवाय शस्त्रे अथवा दारूगोळा तयार करणे निषिद्ध आहे. त्यामुळे अमेरिकेप्रमाणे घरगुती छंद म्हणून काडतुसे भरण्याचा प्रश्न येथे सामान्य परवानाधारकापुढे उभा राहत नाही. तथापि या विवेचनाचा त्यास काही उपयोग नाही असे मात्र नाही. येथे परवानाधारकास काडतुसे मोजकीच मिळतात. तो एखाद-दुसरा बार सरावासाठी उडवितो आणि उरलेली तीच काडतुसे त्याच घरांत पुढील सरावापर्यंत ठेवून देतो. पुढील वेळी पुन्हा एक-दोन नवी काडतुसे उडतात आणि जुनी पुन्हा धक्के खातात. सहा काडतुसांच्या चक्रात एका फेरीत शेवटच्या काडतुसास फार तर पाच धक्के बसावेत अशी अपेक्षा असते. या सवयीने एखाद्या काडतुसास वर्षानुवर्षे मिळून त्याहून कितीतरी अधिक धक्के बसलेले असू शकतात. आणि प्रत्यक्ष गरजेच्या वेळी भरवसा ठेवावयाचा तो याच काडतुसांवर. कारखान्याने दिलेली पकड उत्तम असली तरी ती अनंत धक्क्यांसाठी दिलेली नसते.

म्हणून सरावाच्या वेळी चक्रातील सर्वांत जुनी काडतुसे आधी उडवावीत, नवी राखून ठेवावीत. धक्के खाल्लेले काडतूस पुन्हा चक्रात घालण्यापूर्वी ते त्याच खेपेतील न वापरलेल्या काडतुसाशेजारी उभे करून दोहोंची लांबी ताडून पाहावी. गोळी बोटांत धरून फिरते काय, हेही पाहावे. फरक आढळल्यास ते काडतूस बाजूस काढावे. गोळी हाताने दाबून आत बसविण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये. एकदा सुटलेला ताण दाबून परत येत नसतो. शिवाय गोळी प्रमाणाबाहेर आत गेल्यास दाब वाढण्याचा नवाच धोका उत्पन्न होतो. पकडीचे मर्म ताणात आहे हे ज्याच्या ध्यानात आले, त्याला ही दक्षता वेगळी शिकवावी लागत नाही.